धुऱ्यावरचे प्रश्न आणि वाचनालयाची हमी

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी वाचनालयाने यंदाच्या निबंध स्पर्धेच्या अर्जात एक ओळ वाढवली आहे. निबंध लिहिताना चॅटजीपीटी किंवा तत्सम चॅटबॉटची कोणतीही मदत घेतलेली नाही, अशी हमी पालकाच्या सहीनिशी द्यायची आहे. उद्घाटनाच्या भाषणात आमच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी त्यामागची भूमिका मांडली. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी धानाचे वाण शोधले, तेव्हा ते कोणत्या यंत्राला विचारायला गेले होते, असा गुरुजींचा सवाल होता आणि त्यावर टाळ्या पडल्या. पुतण्याने ते भाषण ध्वनिमुद्रित करून मला पाठवले. इथे जर्मनीत एस-बान या लोकल गाडीत उभ्या उभ्या मी ते दोनदा ऐकले आणि त्या रागात फायहिंगेनला उतरायचे राहून गेले.

राग येण्याचे कारण असे की, दादाजींचा दाखला खरा असला तरी अर्धाच वापरला गेला. तिसरीपर्यंत शिकलेल्या या माणसाने 1983 साली पटेल-3 जातीच्या धानात वेगळ्या, पिवळसर दाण्याच्या तीन लोंब्या पाहिल्या, त्या बाजूला काढल्या, पुन्हा पेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करत राहिले. त्या लोंब्या कोणत्याही यंत्राला दिसल्या नसत्या, हे मी कोणाच्याही आधी मान्य करतो. परंतु पाहणे माणसाचे असते, एवढ्यावरून पाहिल्यानंतर कोणाशी बोलूच नये, असा नियम कसा निघतो?

माझा हा पुतण्या गेल्या हिवाळ्यात हरभऱ्याच्या जागलीला जात होता. तिकडे रात्रीचा दीड वाजलेला असताना माझ्याकडे नऊ वाजलेले असतात, त्यामुळे मचाणावरून त्याचे संदेश मला येत. रोही म्हणजे नीलगायी आणि रानडुकरे यांनी त्या वर्षी सगळ्यांनाच जेरीस आणले होते. त्याने चॅटबॉटला उपाय विचारले, तेव्हा झटका मशीन, जुन्या साड्यांचे कुंपण, फटाके आणि मिरचीचा धूर अशी यादी आली, जी आमच्या गावातले शेंबडे पोरही सांगेल. यात नवल नाही. ही यंत्रे अफाट मजकुरावरून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येतो हे शिकलेली असतात, म्हणून त्यांचे पहिले उत्तर बहुधा चार लोक जे बोलतात तेच असते. बहुतेक लोक तिथेच थांबतात आणि यंत्राला नावे ठेवतात. पुतण्या थांबला नाही. त्याने लिहिले, ‘हे सगळे करून झाले आहे. आता तू उपाय सांगू नकोस, मला एकेक प्रश्न विचार.’

मग प्रश्न आले. जनावरे किती वाजता येतात, कोणत्या बाजूने येतात, त्याच वेळी शेजारच्या वावरात काय उभे असते, ती पाणी कुठे पितात. पाण्याच्या प्रश्नाशी तो अडला, कारण त्याने तो विचारच केलेला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून सलग नऊ सकाळी तो धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधाबांधाने फिरला. रोह्यांच्या लेंड्यांचे ढीग ठरावीक जागीच पडतात, ते त्याने वहीत मांडले, खुरांचे माग जोडले आणि शेजाऱ्याची तूर कापली गेल्यापासून कळप नाल्याच्या एकाच उतारावरून चढतो, हे त्याला समजले. त्या उताराशी दोन घरांनी रात्री वाटून घेतल्या. रोही अजूनही येतात, पण एका माणसाने साऱ्या वावराभोवती रात्रभर फिरणे थांबले आहे. त्या वहीचा फोटो माझ्याकडे आहे. तिच्यातले एकही अक्षर यंत्राचे नाही, आणि त्या प्रश्नांवाचून ती वही भरलीही नसती.

गुरुजींची एक भीती मात्र रास्त आहे. अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर यांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना छोट्या गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या आणि त्यातल्या काहींना यंत्राने सुचवलेल्या कल्पना दिल्या होत्या. ज्यांनी कल्पना घेतल्या त्यांच्या गोष्टी वाचकांना सरस वाटल्या, पण त्या एकमेकींसारख्या झाल्या. चाळीस निबंध एकाच साच्यातून आले, तर परीक्षक वैतागणारच. मात्र त्याच प्रयोगात सर्वांत जास्त लाभ झाला तो मुळात कमी सर्जनशील ठरलेल्या लेखकांना. ज्या पोराच्या घरी शाळेच्या पुस्तकाखेरीज छापील कागद नाही, त्याच्यावर आपण हमीपत्राचे कुलूप लावतो आहोत.

आणि आपल्याकडे याचे उत्तर गेली कित्येक वर्षे उभे आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे गाव आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ते बाहेरच्या जगालाही माहीत झाले. तिथे अभ्यास गट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यास गटात बाहेरचा माणूसही येऊन बसतो, माहिती देतो आणि शंका काढतो, पण तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या या गावाला बाहेरच्यांशी बोलल्याने परावलंबी झाल्यासारखे कधी वाटले नाही. चॅटबॉटला अभ्यास गटात बसवावे, ग्रामसभेत बसवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. माझ्या मुलीच्या गिम्नाझियममध्ये, म्हणजे इथल्या माध्यमिक शाळेत, यंत्राशी झालेला संवाद निबंधाला जोडून द्यावा लागतो, आणि शिक्षिका आधी तो वाचतात. आपल्या वाचनालयाला हे करायला एक पान जास्त लागले असते.

भावाला हे फोनवर सांगितले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘दादा, तुझं सगळं खरं असंल, पण तू का तिथून आम्हाले शिकवतंस?’ मला पटकन उत्तर सुचले नाही. दाराला केरवोखेची, म्हणजे या आठवड्यात जिना झाडायची पाळी आपली असल्याची पाटी अडकवलेली होती, म्हणून मी जिना झाडायला गेलो आणि झाडता झाडता ते वाक्य मनात घोळत राहिले.

इथे जर्मनीतल्या या गावी येऊन मला अकरा वर्षे झाली. कारखान्यात गिअरचा आराखडा अडला की सहकारी आहेत, पण त्यापलीकडचे काही अडले तर बोलायला माणूस नाही. बाबांच्या तेरवीला मला पोहोचता आले नाही. त्या रात्री चार ओळी लिहून पाठवाव्यात म्हणून मी याच यंत्राला विचारले आणि त्याने दिलेला गुळगुळीत मजकूर पुसून टाकला. मग पुतण्यासारखेच, प्रश्न विचार, असे सांगितले. बाबांच्या हाताला कशाचा वास यायचा, असे त्याने विचारले. सरकीच्या ढेपेचा, असे मी लिहिले आणि पुढचे मला कोणी विचारावे लागले नाही.

आमच्या शाळेत उत्तर न देता असा उलटा प्रश्न टाकणारे हेच गुरुजी होते. गणित अडले की ते म्हणत, ‘तुला काय दिलंय ते आधी सांग.’ त्यांच्या ओट्यावर आजही संध्याकाळी चार माणसे बसतात. मी त्यांना सात वर्षांत एकदाही फोन केलेला नाही. पुतण्याला मी सांगितले आहे की, ती वही आणि यंत्राशी झालेले सगळे बोलणे घेऊन त्याने एकदा त्यांच्या ओट्यावर जावे आणि तिथून मला फोन लावून द्यावा.