मागील बंपरच्या फिटिंगसंबंधी आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार,

आपला अभिप्राय वाचल्यानंतर गाडीचे जॉबकार्ड, काम चालू असताना काढलेली छायाचित्रे आणि मोजमापांची नोंद समोर ठेवून मी हे उत्तर लिहीत आहे. आपण दोन तारे देऊन चार तक्रारी मांडल्या आहेत. परदेशातून मागवलेला फायबरचा मागचा बंपर बसवल्यावर डावीकडे उजवीपेक्षा जास्त फट राहिली. दोन दिवसांचे काम नऊ दिवस लांबले. नव्याकोऱ्या बंपरला आम्ही परस्पर ग्राइंडर लावला. आणि गाडी मागे घेताना काहीही आडवे नसले तरी पार्किंग सेन्सर वाजतात. सेन्सरची तक्रार पूर्णपणे खरी आहे आणि ती चूक आमची आहे. दिवसांच्या बाबतीतही दोषाचा मोठा वाटा आमच्याकडेच येतो. फटीबाबत मात्र आपले म्हणणे मला मान्य करता येत नाही.

गाडीसोबत येणारा मूळ बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनवर आधारित लवचिक प्लॅस्टिकचा असतो. खालचा पत्रा दोन-तीन मिलिमीटर आत-बाहेर असला तरी क्लिपांच्या ओढीने तो वाकतो, पत्र्याला धरून बसतो आणि पत्र्याचा दोष झाकून टाकतो. काचतंतू आणि रेझिन यांपासून बनलेला फायबरचा बंपर ताठ असतो. त्याला जबरदस्तीने ओढले तर तो वाकण्याऐवजी स्क्रूच्या भोकापाशी तडकतो. आपल्या गाडीचा मूळ बंपर उतरवला तेव्हा डाव्या चाकामागच्या पत्र्याची खालची कड पूर्वी कधीतरी ठोकून सरळ केलेली आणि वर पुटी भरलेली आढळली. उजव्या बाजूशी ताडून पाहता ती कड ३ मिलिमीटर आत होती आणि बंपर धरून ठेवणारे बाजूचे ब्रॅकेटही तेवढेच सरकलेले होते. म्हणूनच आज उजवीकडे ४ आणि डावीकडे ७ मिलिमीटर फट दिसते. गाडी आपण वापरलेली घेतली असल्याचे आपणच सांगितले होते, त्यामुळे या जुन्या दुरुस्तीची आपल्याला कल्पना नसणे स्वाभाविक आहे.

बंपरच्या कडेवर पुटी चढवून ती फट त्याच दिवशी बुजवता आली असती, आणि गाडी नेताना आपल्याला काहीच खटकले नसते. ते मी करू दिले नाही, कारण ताठ कडेवरची जाड पुटी रस्त्याच्या हादऱ्यांनी काही महिन्यांत तडकते आणि रंगासकट सुटते. योग्य उपाय पत्र्याची कड बाहेर काढण्याचा आहे, बंपर वाढवण्याचा नाही. हे गाडी ताब्यात देताना तोंडी सांगितले होते. कागदावर लिहून द्यायला हवे होते, हे मला मान्य आहे.

ग्राइंडरविषयी. जाहिरातीत हा बंपर आपल्या मॉडेलवर ‘थेट बसणारा’ म्हणून दिला असला तरी तो साचा त्याच मॉडेलच्या दुसऱ्या देशातील आवृत्तीवरून घेतलेला होता. त्यातील नंबर प्लेटची खाच जपानी मापाच्या, म्हणजे ३३० × १६५ मिलिमीटरच्या प्लेटसाठी होती आणि आपल्या गाडीची प्लेट ५०० × १२० मिलिमीटरची आहे. सायलेन्सरच्या नळीसाठीची खाच तर अशा जागी होती की नळी आणि फायबर यांच्यात जेमतेम ८ मिलिमीटर अंतर उरत होते. इंजिन चालू असताना नळी रबरी हँगरवर हलते आणि तिची धग रेझिनला मऊ करते, रंगाला फोड आणते. एवढ्या अंतरावर तो बंपर फार काळ टिकला नसता. खाच कापून आम्ही ते अंतर ३० मिलिमीटर केले. कापण्यापूर्वी आपल्याला फोन केला होता आणि आपण होकार दिला होता, अशी जॉबकार्डावर वेळेसह नोंद आहे. तरीही कुठे आणि किती कापणार याचे छायाचित्र आपल्याला पाठवलेले नव्हते. न पाहिलेल्या गोष्टीला फोनवर दिलेला होकार अपुरा असतो, आणि आपला राग मी समजू शकतो.

याच संदर्भात एक गोष्ट आपल्या अभिप्रायात आलेली नाही, ती सांगतो. विक्रेत्याच्या व्हिडिओत बंपर नीट आत बसावा म्हणून त्यामागचा धातूचा आडवा बीम कापलेला दाखवला होता आणि आपणही तसेच करण्यास सुचवले होते. आम्ही नकार दिला. बाहेरून दिसतो तो बंपर वस्तुतः केवळ आवरण असतो. मागून धक्का बसल्यास तो झेलण्याचे मुख्य काम हा बीम आणि त्यावरचा फोम करतात. बीमला हात न लावता फायबरच्या आतल्या बाजूला साचलेले रेझिनचे जाड थर घासून जागा करावी लागली, आणि त्यात पूर्ण एक दिवस गेला. हा नकार आम्ही पुन्हाही देऊ.

उरलेल्या दिवसांचा हिशोब असा. अशा बंपरला रंग देण्यापूर्वी तो कच्च्या स्थितीत गाडीवर लावून पाहावाच लागतो. आपल्या बाबतीत ही चाचणी तीन वेळा करावी लागली. नंबर प्लेटची खाच फायबरनेच नव्याने बांधून तिथले दोन दिवे सरकवणे, रेझिन सुकू देणे, साच्यातून आलेला मेणाचा थर धुऊन काढणे, कारण तो राहिला तर रंग पापुद्र्यासारखा निघतो, आणि मग प्रायमर, रंग व क्लिअर कोट यांना पुरेसा वेळ देणे, यात कुठेही घाई करता येत नाही. नऊ दिवस या कामाला जास्त नाहीत. चूक आहे ती ‘दोन दिवस’ या शब्दांची. आमच्या काउंटरवरून बंपर न पाहता, प्लॅस्टिकच्या बंपरला लागणारा वेळ आपल्याला फोनवर सांगितला गेला, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःहून कळवण्याऐवजी आपला फोन येण्याची वाट पाहिली गेली. यापुढे ग्राहकाने स्वतः आणलेला सुटा भाग गाडीवर लावून पाहिल्याशिवाय दिवस सांगायचे नाहीत, अशी सूचना मी दिली आहे.

आता सेन्सर. नव्या बंपरला सेन्सरची भोके नव्हती. ती आम्ही जुन्या बंपरच्या उंचीनुसार पाडली आणि होल्डर आतून सपाट चिकटवले. परंतु या बंपरचा पृष्ठभाग त्या जागी काही अंशांनी खाली कललेला आहे, त्यामुळे सेन्सर मागे पाहण्याऐवजी जमिनीकडे पाहतात. आमची चाचणी वर्कशॉपच्या गुळगुळीत फरशीवर झाली, जिथे ध्वनिलहरी फरशीवरून पुढे निसटतात आणि सेन्सर गप्प राहतो. खडीवर किंवा खडबडीत रस्त्यावर त्याच लहरी विखरून परत येतात आणि सेन्सरला ते अडथळे वाटतात. गाडी बाहेर काढून एकदा मागे घेतली असती तरी हे लक्षात आले असते. ती आमच्याकडून झालेली हयगय आहे आणि त्याबद्दल मी दिलगीर आहे.

कललेले होल्डर बसवून सेन्सर सरळ करण्याचे काम आम्ही विनामूल्य करून देऊ, आणि सेन्सरच्या कामाची आधी घेतलेली मजुरीही परत करू. त्याला अर्धा दिवस लागेल. हा अंदाज या वेळी बंपर पाहून दिलेला आहे. डाव्या पत्र्याचे काम स्वतंत्र असून त्याचे पैसे पडतील. ते करायचे की ७ मिलिमीटरची फट तशीच ठेवायची, हे आपण ठरवावे. दुसऱ्या कोणाकडून करून घेतल्यास आमची मोजमापे आणि छायाचित्रे आपल्याला मिळतील.

येताना कृपया मूळ बंपर सोबत आणावा. त्याच्या आतल्या बाजूला सेन्सरचे मूळ होल्डर अजून जोडलेले आहेत आणि नव्या होल्डरचा कोन आम्हाला त्यांच्यावरूनच घ्यायचा आहे.