‘पुढच्या वेळी येऊ नका’

डिचोलीत आमचं मंडळ दरवर्षी १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, रक्तदान शिबिर घेतं. देवळाच्या सभामंडपात खाटा, बाहेर बिस्किटं आणि कोकम सरबत. बॅनर बांधायला वीस जण, सोडायला दोघे.

आमच्या वाड्यावरचा एक जण न चुकता येणारा. मागच्या शिबिरानंतर त्याला रक्तपेढीतून फोन आला: तुमचा रिपोर्ट रिअॅक्टिव्ह आहे, पुढच्या वेळी येऊ नका. बस्स, एवढंच. बिचाऱ्याला वाटलं एड्स झाला. चार दिवस घरात कोणाशी बोलला नाही.

निघालं काय, तर हिपॅटायटिस बी, तोही लपलेला. नेहमीच्या तपासणीत विषाणूच्या कवचावरचं प्रथिन, म्हणजे एचबीएसएजी, शोधतात. ते याच्या रक्तात नव्हतंच. विषाणूचा डीएनए मात्र होता, आणि तो पकडला नॅट तपासणीने, जी विषाणूचं जनुकीय द्रव्यच थेट शोधते. कावीळ होऊन गेल्याचं त्याला आठवतही नाही. संसर्ग ओसरला तरी हा विषाणू यकृताच्या पेशींच्या केंद्रकात मुक्काम ठोकून बसतो आणि अधूनमधून थोडासा रक्तात उतरतो. पिशवी एक, पण तांबड्या पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट्स वेगळ्या केल्या की ती जाते तिघांना.

आपल्याकडे कायद्याने प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया अशी तपासणी होते. नॅटची सक्ती नाही. परवडणारी रक्तपेढी करते, बाकीच्या करत नाहीत. मग पेशंटचं नशीब! मला हे पटत नाही.

कोणी म्हणेल, अँटी-एचबीसी ही प्रतिपिंडांची (अँटीबॉडीची) तपासणी करा, स्वस्त आहे. पण ती जुन्या संसर्गाची खूण दाखवते. आपल्या देशात असा संसर्ग येऊन गेलेले इतके आहेत की भरपूर चांगलं रक्त वाया जाईल, आणि चतुर्थीच्या दिवसांत पिशवीसाठी कशी धावपळ होते ते मी पाहिलंय. शिवाय नॅटमध्येही मेख आहे. अनेकांचे नमुने एकत्र करून तपासले तर इतका कमी विषाणू निसटू शकतो. जपानने १९९९ मध्ये ५०० नमुन्यांच्या गटाने सुरुवात केली आणि २०१४ मध्ये प्रत्येक नमुना स्वतंत्र तपासायला घेतला. खर्च आहेच, तो सरकारने उचलावा. रस्त्याच्या कडेला शोभेचे दिवे लावायला पैसे मिळतात की!

पण मशीन आणून भागणार नाही. त्या फोनचं काय? दात्याला बोलावून, दार लावून, त्याच्या भाषेत सांगायला हवं: एका ताटात जेवल्याने हा पसरत नाही. बायकोची तपासणी करा, तिला लस द्या. पुढे कधी केमोथेरपीची वेळ आली तर डॉक्टरांना आधी हे सांगा, कारण त्या वेळी हा विषाणू उसळू शकतो. आमच्या माणसाला हे सगळं कळलं ते दोन महिन्यांनी, स्वतःच्या खर्चाने.

रक्त आता तो देत नाही. पण यंदा नाव-नोंदणीच्या टेबलावर मी त्यालाच बसवणार आहे. फॉर्मवरच्या ‘पूर्वी कावीळ झाली होती का?’ या प्रश्नापुढे सगळे न वाचता ‘नाही’ ठोकतात. तिथे तो पेन धरून थांबवील म्हणतो.