आजारी उंदीर आणि फिरता मेसेज

‘उंदराला क्रोन्स होतच नाही. जनुक बिघडवून त्याला मुद्दाम आजारी पाडायचं, मग माणसाचं आतडं कळलं म्हणायचं. यातून एकही औषध निघालेलं नाही.’ असा मेसेज वरचेवर फॉरवर्ड होतो. क्रोन्स म्हणजे आतड्याला सतत सूज आणणारा जुनाट आजार. पहिलं वाक्य बऱ्यापैकी खरं. पुढचं बघू.

‘मुद्दाम आजारी पाडलेला.’ १९९३ साली जर्मनीत कोलोनच्या संशोधकांनी आयएल-१० हे जनुक निकामी केलेले उंदीर तयार केले. (तेव्हा जनुक झटपट कापणारं क्रिस्पर तंत्र कुठलं? मूलपेशींतून जनुक बाद करायची जुनी, वेळखाऊ रीत.) आयएल-१० म्हणजे प्रतिकारशक्तीला ‘पुरे आता’ सांगणारा रेणू. आतड्याला कुणी बोटही लावलं नव्हतं, तरी सूज आली ती आतड्यालाच. पिंजऱ्यात ती डोळ्यांनी दिसते: टणक लेंड्यांऐवजी मऊ, चिकट, उतरत चाललेलं वजन, एखाद्याच्या शेपटीखाली बाहेर आलेली आतड्याची लाल कड. आणि हेच उंदीर जंतुविरहित जागेत वाढवले, तर मोठं आतडं सुजत नाही! जनुक बिघडलेलंच असतं, फक्त जिवाणू नसतात. हा प्रयोग माणसाच्या कुठल्या बाळावर करणार होतात?

‘माणसाशी संबंध नाही.’ २००९ साली, तान्हेपणीच आतड्याच्या भयंकर दाहाने ग्रासलेल्या मुलांत आयएल-१०च्याच रिसेप्टरचे, म्हणजे त्याचा निरोप घेणाऱ्या पेशीवरच्या रेणूचे, बिघाड सापडले. त्यातल्या एकावर मूलपेशी प्रत्यारोपण केलं आणि दाह शमला.

‘एकही औषध नाही.’ २००६ साली याच आयएल-१० नसलेल्या उंदरांमध्ये आयएल-२३ या दाह भडकवणाऱ्या रेणूचा पी-१९ हा भागही बाद केला, तर कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दाह) झाला नाही. त्याच वर्षी क्रोन्सच्या रुग्णांच्या जनुकीय अभ्यासात आयएल-२३चा रिसेप्टर पुढे आला. पी-१९ला अडवणारं रिसँकिझुमॅब हे औषध २०२२ साली अमेरिकेत क्रोन्ससाठी मंजूर झालं. सगळं श्रेय उंदरांचं नाही, पण ‘एकही नाही’ हे धादांत खोटं.

उंदरावरून थेट माणसावर उडी मारली की तोंडघशी पडायला होतं, हेही खरं. आयएल-१० नसल्याने सूज येते, मग तेच टोचा, असा सरळ हिशेब करून क्रोन्सच्या रुग्णांना ते देऊन पाहिलं. फारसा उपयोग झाला नाही. आणि क्रोन्सशी जोडलं गेलेलं पहिलं जनुक, एनओडी-२, उंदरात बाद केलं तर आतडं आपोआप सुजत नाही. मेसेज लिहिणाऱ्याला हे ठाऊक असतं, तर त्याची बाजू निदान थोडी बळकट झाली असती.