मीटरवर 380 आलं म्हणून बाळाला पाजायचं?

'टीडीएस 500 च्या आत म्हणजे पाणी शंभर टक्के शुद्ध, लॅबचा खर्च वाचवा' असा मेसेज आपल्या सोलापूरच्या ग्रुपांवर फिरतोय. फिरेना का, म्हटलं असतं. पण मोहोळकडे दिलेल्या माझ्या भाचीच्या सासूबाई तो वाचून चार महिन्यांच्या बाळाचं पावडरचं दूध बोअरच्या पाण्यात कालवायला लागल्यात. मीटरवर 380 आलं ना!

मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते बघतो आणि टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देतो. क्षार कोणते, ते त्याला कळत नाही. त्या 380 मध्ये 60 नायट्रेट (नत्राचा एक क्षार) असलं तरी आकडा 380च. आयएस 10500 हे पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक (2012) बघा. टीडीएस लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरं पाणीच नसेल तर 2000 पर्यंत चालतो. नायट्रेट मात्र लिटरला 45 मिलिग्रॅम, तिथे सवलत नाही. उसाला टाकलेला युरिया, उकिरडा, संडासाचा खड्डा, सगळीकडून ते खाली मुरतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताला मग ऑक्सिजन नीट वाहून नेता येत नाही, बाळ निळं पडतं.

पुढे लिहिलंय, 'शंका वाटल्यास उकळा.' जंतू मरतात, मान्य. नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटेल तसं दाट होतं. म्हणजे जी आई जास्त वेळ उकळणार, तिच्याच बाळाच्या बाटलीत ते जास्त. तुरटीनं फक्त गढूळपणा बसतो.

'खोल बोअरचं पाणी गाळून आलेलं असतं.' मातीचा जाड थर असेल तिथे अर्धं खरं. आपल्याकडे खाली काळा कातळ. पाणी भेगांतून उतरतं, आणि भेग काही गाळत नाही.

'वाहता ओढा स्वच्छच' हे तर सोडाच. पावसाळ्यानंतर ओढ्याला वाहतं ते बरंचसं शिवारातून झिरपलेलंच पाणी. बंधारा भरला की ते पुन्हा विहिरींत उतरतं.

मीटर अगदीच बिनकामाचा नाही. एरवी 400 दाखवणारी विहीर एकदम 900 वर गेली, तर काहीतरी शिरलंय एवढं तो सांगतो.

राहिलं 'एका बोअरचा रिपोर्ट गावाला पुरतो.' नाही पुरत. वरच्या अंगाची विहीर, गावठाणातला बोअर आणि खालचा ओढा, तिन्हींचे नमुने वेगळे घ्या, एकदा मे महिन्यात आणि एकदा पाऊस सरल्यावर. जंतूंच्या तपासणीला निर्जंतुक बाटली लागते, ती बर्फात ठेवून 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. आणि नायट्रेटचा आकडा हातात येईपर्यंत बाळाला त्या बोअरचं पाणी देऊ नका, उकळूनही नाही.