डबा वाजवायची ड्युटी

भाताच्या लोंब्यात दूध भरायला लागलं की आमच्या गोव्यातल्या पेडण्याच्या घरात एक व्हेकन्सी निघते, मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर बसून पत्र्याचा डबा वाजवायची, आणि वर्क फ्रॉम होमवाला माणूस घरच्यांच्या मते रिकामाच असतो त्यामुळे पोस्ट मलाच मिळते.

शत्रू म्हणाल तर जेमतेम 15 सेंटिमीटर. सुगरण पक्षी! पावसाळा लागला की नराच्या डोक्यावर पिवळा रंग चढतो आणि स्वारी शेतात हजर, तेव्हा दाण्याचा पत्ता नसतो, त्याला पात हवी असते. पात्याच्या कडेला चोचीने बारीकशी खाच पाडतो, कड चोचीत घट्ट धरतो आणि सरळ उडतो, की सर्रकन लांब पट्टी सुटून हातात, सॉरी, चोचीत. अशा शेकडो फेऱ्या. आमचं शेत म्हणजे याचं उधारीवरचं हार्डवेअरचं दुकान. खोपा अर्धा झाला की मादी आत शिरून बघते, नापसंत झाला तर हा तो तसाच लटकत ठेवून दुसरा घेतो करायला. पसंत पडला तरी सुटका नाही, खोप्याच्या दाराची नळी पुरी करून हा पुढच्या मादीसाठी नवीन साइट सुरू करतो (हे लफडं पक्षीतज्ज्ञ सालिम अलींनी अलिबागजवळच्या किहीमला 1930 च्या सुमारास पकडलं). माल सगळा आमचा, आणि पात कमी पडली तर माडाच्या चुडतांच्या पट्ट्या.

बाबा त्यांच्या पार्टीतले. "अरे पिल्लांना किडे भरवतात ते, शेताचाच फायदा." बरोबर आहे, पण पिल्लं मोठी झाली की तीच फॅमिली लोंब्यांवर उतरते ना! कोवळा दाणा चोचीत दाबला की दूध पोटात आणि फोल लोंबीवर तसंच, लांबून बघितलं तर पीक एकदम झकास.

बुजगावण्याला माझा जुना शर्ट घातला, त्याच्यावर बसून त्यांनी पिसं साफ केली. चमकणाऱ्या पट्ट्या बांधल्या, दोन दिवस घाबरले, नंतर त्याच्याखालीच जेवायला बसले. शेवटी डबाच. मीटिंगमध्ये मॅनेजर विचारतो, हा कसला आवाज, मी म्हणतो शेजारी काम चाललंय. खोटं नाही ते, माडावर बांधकाम चालूच असतं.

आई तर नारळ पाडणाऱ्या पाडेलीला खोप्यांचा माड चढू देत नाही, पिल्लं आहेत म्हणून, त्यामुळे चतुर्थीला नारळ बाजारातून विकत.

आता कापणी उरकली, तर बाबा वायंगणाचं, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या भातपिकाचं बोलायला लागलेत. मी पणजीत रूम बघतोय.