"डिप्रेशन जात बघत नाही" म्हणे!

सोसायटीच्या ग्रुपवर, मग शाळेच्या ग्रुपवर, मग चुलतभावाच्या स्टेटसला, एकच फॉरवर्ड आठवड्यात तीनदा आलं. "डिप्रेशन जात, धर्म, पैसा बघत नाही. डॉक्टरही बघत नाहीत. उगाच त्यात जात, बाई, गे असलं काही घुसवू नका. मन मोकळं करा, हेल्पलाइन फुकट आहे." खाली हात जोडलेल्या इमोज्यांची रांग. लिहिणाऱ्याचं मन चांगलंच असेल हो, पण एकेक वाक्य घेऊन बघूया.

"डिप्रेशन काही बघत नाही." कुणालाही होऊ शकतं, मान्य. पण २०२१ ला देशात १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यातले ४२,००४ जण रोजंदारीवरचे होते, म्हणजे दर चौथा माणूस. ही एनसीआरबीची, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याची आकडेवारी आहे, माझी नाही. निमहान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या सर्व्हेतही कमी कमाईच्या घरांत मानसिक आजार जास्त दिसले.

"डॉक्टर बघत नाहीत." मग २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १८ मध्ये जात, वर्ग, लिंग, धर्म, लैंगिक कल, अपंगत्व यावरून भेदभाव करायचा नाही अशी यादीच का घालावी लागली? गे मुलांना "बरं करून देतो" म्हणणारे डॉक्टर होतेच की, शेवटी २०२१ मध्ये मद्रास हायकोर्टाने दटावलं आणि पुढच्या वर्षी डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या राष्ट्रीय मेडिकल कमिशनने असले "उपचार" म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन आहे असं जाहीर केलं. माझं सांगायचं तर मी एका काउन्सेलरकडे गेलो होतो, ऑफिसात "कोट्यातला" म्हणून जे टोमणे बसतात ते सांगत होतो, तर बाई म्हणाल्या तुम्ही जरा जास्तच मनाला लावून घेता. बाराशे रुपये दिले आणि घरी आलो, परत गेलो नाही.

"उगाच घुसवू नका." इथे जरा थांबतो. आमच्या मागच्या चाळीत एक मावशी आहेत, चार घरची धुणीभांडी करतात, नवरा पिणारा. छातीत धडधड, झोप नाही, डोक्यात मुंग्या, म्हणून सरकारी ओपीडीत गेल्या. एक दिवसाचा खाडा, त्याचे पैसे कापले ते वेगळेच. डॉक्टरांनी रात्रीची गोळी दिली. नळाला पाणी येतं पहाटे पाचला, गोळीच्या गुंगीत दोनदा पाणी गेलं आणि एका घरी उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली, तर मावशींनी गोळी सुरीने अर्धी करायला सुरुवात केली. पुढच्या खेपेला केसपेपरवर काय लिहिलं? "औषध नीट घेत नाही." पाच वाजताच्या नळाबद्दल कुणी विचारलंच नाही. नवऱ्यासाठी व्यसनमुक्तीवाले वेगळे, मारहाणीसाठी महिला कक्ष वेगळा, झोपेसाठी ओपीडी वेगळी, आणि बाई मात्र एकच.

हे काही नवीन नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सवर काळ्या बायकांनी केस केली होती, कोर्टाचं म्हणणं असं की कंपनीत बायका आहेत (ऑफिसातल्या गोऱ्या) आणि काळे पण आहेत (कारखान्यातले पुरुष), मग भेदभाव कुठाय? किम्बर्ली क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेने १९८९ मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं, की दोन्हीकडून मार खाणारी बाई कुठल्याच रकान्यात सापडत नाही. मावशींनी क्रेनशॉचं नाव ऐकलेलं नाही, पण तीन खिडक्यांवर तीनदा तीच कहाणी सांगून झालीय.

"हेल्पलाइन फुकट आहे." आहे, आणि चांगली सोय आहे, सरकारची टेलिमानस, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून, नंबर सेव्ह करून ठेवाच. पण दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं असताना बोलायचं कुठे? आणि फोनवरून पुढे दाखवायला सांगितलं तर परत तीच ओपीडी, परत खाडा. सरकारची मोठी मनोरुग्णालयं राज्यात चारच, येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. पुण्यात भार्गवी दावर यांच्या बापू ट्रस्ट या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने वस्तीतच जाऊन काम उभं केलं, कारण लोक जिथे राहतात तिथेच त्रास असतो. असलं काम फॉरवर्ड होताना मी तरी पाहिलं नाही.

मावशींच्या घरच्या फोनमध्ये १४४१६ टाकून दिलाय. फोन दिवसभर मुलाकडे असतो.