चर्चगेट-भाईंदर स्लो, पायी

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते असं सांगितलं तर मुंबईकर नुसती मान हलवतो. चर्चगेटला निघायचं आणि भाईंदर यायच्या जरा आधी थांबायचं, असं सांगितलं की तो खुर्चीत सरळ बसतो. ते अंतर त्याने वर्षानुवर्षं एका पायावर उभं राहून मोजलेलं असतं.

आता यात एक नवीन भर पडली आहे. मुंबईतले कितीतरी आईबाबा सहा-सहा महिने अमेरिकेत मुलांकडे जाऊन राहतात. त्यांच्यातल्या ज्यांना इथे शिवाजी पार्कला फेऱ्या मारायची खोड असते, त्यांना तिथे करमत नाही. मग मुलगी फोनवर म्हणते, “बाबा, आमच्या गावात ऑक्टोबरमध्ये मॅरेथॉन आहे. रेल्वेच्या जुन्या लाइनवरून. अगदी सपाट!”

माझं जे काही भांडण आहे ते या ‘सपाट’शी आहे.

तिथे बंद पडलेल्या लाइनचे रूळ आणि स्लीपर उचलतात, खडी बाजूला काढतात आणि वर बारीक दगडाची कच दाबून तीनेक मीटर रुंदीची वाट करतात. तिला रेल ट्रेल म्हणतात. विस्कॉन्सिनमधली एलरॉय-स्पार्टा ही अशा वाटांतली जुनी, ५१ किलोमीटरची, वाटेत तीन बोगदे. न्यूझीलंडमधली ओटॅगो सेंट्रल तर १५२ किलोमीटरची आहे आणि २००० सालापासून चालू आहे. रूळ रिकामे झाले की त्यावर लोकांना धावायला बोलवायचं, ही कल्पना मुंबईकराला झेपायला वेळ लागतो. आपल्याकडे रुळांवर माणूस दिसला की मोटरमन आधी हॉर्न वाजवतो.

तर सपाट. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, म्हणून इंजिनाला चढ सोसत नाही. इंजिनियर लोकांनी त्यासाठी डोंगर कापले, दऱ्या भरल्या आणि चढ इतका पातळ पसरवला की डोळ्याला दिसू नये. आपल्या बोरघाटात १ इन ३७ चा चढ आहे, म्हणून तिथे कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं लागतात आणि तेवढ्यात आपला वडापाव होतो. रेल ट्रेलवर चढ बहुधा असतो १ इन १०० किंवा त्याहून कमी. ऐकायला किरकोळ वाटतं. पण १ इन १०० म्हणजे दर किलोमीटरला दहा मीटर. असा चढ सलग पंधरा किलोमीटर चालला की दीडशे मीटर झाले. पन्नास मजली टॉवर, लिफ्ट बंद. आणि मागे बँकर नाही.

दिसत नसल्यामुळे माणूस चढाला दोष देत नाही, स्वतःला देतो. घड्याळात पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, दहाएक सेकंदांनी घसरतो, मग तो गेलेला वेळ भरून काढायला जोर लावतो आणि पुढच्या तासात त्याची किंमत मोजतो. यावर उपाय एकच: पेस बघायचा नाही, श्वास बघायचा. पहिल्या निम्म्या अंतरात शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शेजारी नसेल तर मनात मारुतीस्तोत्र म्हणावं. ओळ मध्येच तुटायला लागली की वेग कमी करावा.

दुसरी गोष्ट स्नायूंची. मुंबईच्या जानेवारीतल्या मॅरेथॉनमध्ये शेवटी पेडर रोडचा चढ येतो आणि सगळे त्याच्या नावाने खडे फोडतात. पण चढ-उतारावर निदान पायांतल्या स्नायूंची पाळी बदलते. पोटऱ्या थकल्या की मांड्या कामाला लागतात, उतारावर आणखी कोणी. रेल ट्रेलवर पाळी बदलत नाही. तोच कोन, तीच लांबी, आणि पावलं चाळीस-पंचेचाळीस हजार. पंचविसाव्या किलोमीटरला पोटऱ्या संपावर जातात तेव्हा बदली कामगार नसतो. म्हणून दर दोन किलोमीटरला तीस सेकंद चालावं, आणि ते पहिल्या किलोमीटरपासून. दमल्यावर चालणं वेगळं, दमू नये म्हणून चालणं वेगळं. आपल्या लोकांना यात कमीपणा वाटतो. फास्ट लोकलही दादरला थांबते, हे त्यांना सांगावं लागतं.

तयारी मुंबईतच करून जायची. यासाठी नॅशनल पार्कात कान्हेरीचा चढ चढत बसू नये, तो दुसऱ्या परीक्षेचा अभ्यास. इथे लागतं सरळ, लांब आणि कंटाळवाणं. नरिमन पॉइंट ते गिरगाव चौपाटी आणि परत, असं पाच वेळा केलं की साधारण तीस किलोमीटर भरतात. पाचव्या फेरीला कट्ट्यावरचे आजोबासुद्धा आपल्याकडे मान वळवेनासे होतात, इतका कंटाळा जमला पाहिजे. शर्यतीच्या तीन आठवडे आधी सर्वांत लांब धाव, तीस-बत्तीस किलोमीटर, आणि मग कमी कमी. पहाटे चारला सुरुवात करावी म्हणजे ऊन चढायच्या आत संपतं आणि मेगाब्लॉक लागायच्या आत घरी पोचता येतं. कच सवयीची नसते, ती पायाखाली किंचित सरकते आणि प्रत्येक पाऊल थोडं वाया घालवते. तिच्यासाठी आठवड्यातून एकदा महालक्ष्मी रेसकोर्सवर जावं.

बूट रोजच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठे. पाय सुजतात आणि पुढची नखं काळी पडतात. नवे बूट शर्यतीच्या दिवशी घालणाऱ्याला कोणी काही सांगू नये, त्याला सांगून उपयोग नसतो. कचेचा खडा बुटात जातोच. घोट्याभोवती बांधायचं कापडी गेटर मिळतं, ते लावावं. नाहीतर दहाव्या किलोमीटरला थांबून, वाकून, नाडी सोडून खडा काढावा लागतो. पस्तिसाव्याला वाकता येत नाही. तो खडा मग शेवटपर्यंत सोबतीला.

थंडीचं गणित उलटं आहे. आपण पंचवीस-सव्वीस डिग्रीत, घामाने चिंब होऊन तयारी केलेली असते. तिथे सकाळी पाच-सहा डिग्री. घाम दिसत नाही, दम लागत नाही, आणि मुंबईकराला अचानक वाटतं की आपल्यात काहीतरी होतं जे या दमट शहराने दाबून ठेवलं होतं. तो चर्चगेट-दादर फास्ट सुटतो. पुढचं सांगायला नको. अंगात एक जुना स्वेटर असावा, महाबळेश्वरसाठी घेतलेला आणि नंतर कधी न घातलेला. तो तिसऱ्या किलोमीटरला काढून टाकायचा. हातमोजे मात्र ठेवावेत, बोटं गारठली की जेलचं, म्हणजे धावताना चोखायच्या घट्ट गोड पाकाचं, पाकीट फाडता येत नाही.

बोगदा असेल तर डोक्याला टॉर्च हवा. सिएटलजवळ स्नोक्वाल्मीचा बोगदा ३.७ किलोमीटरचा आहे आणि त्यातून मॅरेथॉन काढतात. चर्चगेट ते ग्रँट रोड, मिट्ट काळोखात, वरून थेंब ठिबकताहेत. आत घड्याळाला उपग्रह सापडत नाही, त्यामुळे ते कधी आपल्याला उभं धरतं, कधी राजधानीच्या वेगाने पळवतं. त्याचं मनावर घेऊ नये. आतल्या गारव्याने पोटऱ्या आखडतात, म्हणून बाहेर पडल्यावर लगेच वेग वाढवू नये. लाकडी फळ्यांच्या पुलांवर सकाळचं दव कधीकधी गोठलेलं असतं, तिथे पावलं आखूड टाकावीत.

खाण्याचं आपलं जरा नाजूक असतं. शर्यतीच्या सकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊ नये. तूप आणि दाण्याचं कूट पोटात धरणं धरून बसतं. तीन तास आधी मऊ भात, मीठ घालून, तीन वाट्या. यातून सव्वाशे ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं मिळतात. धावताना तासाला तीस ते साठ ग्रॅम लागतात. एका जेलमध्ये वीस-पंचवीस असतात, एका केळ्यातही तितकेच. पाच तासांचा हिशेब धरला तर सहा जेल आणि दोन केळी, दर चाळीस मिनिटांनी काहीतरी, आणि जेलबरोबर पाणी, नाहीतर ते घशाला खळीसारखं चिकटतं. चिक्की नेऊ नये. धावताना चावताही येत नाही आणि श्वासही घेता येत नाही, दोन्ही एकदम करायला गेलं की ठसका. खजूर चालतो, बिया आधी काढून.

पाणी दर स्टॉलवर दोन-चार घोट, स्लो लोकलसारखं प्रत्येक स्टेशन घेत. नुसतं पाणी ढोसत गेलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि ते तहानेपेक्षा वाईट. गावातल्या शर्यतीत स्टॉलवर मीठ-साखरेचं रंगीत पाणी असतं, खारे बिस्किटवजा प्रेटझेल असतात आणि एका लहान कपात हिरवट द्रव असतो. उभी असलेली आजी प्रेमाने म्हणते, “पिकल ज्यूस!” आपलं मन पिकल म्हटल्यावर थेट बरणीपाशी जातं. तो लोणच्याचा खार खराच, पण मोहरी, हिंग, मेथी कशाचाही पत्ता नाही. व्हिनेगरात काकडी बुडवलेलं पाणी. पेटके येऊ नयेत म्हणून पितात. एक घोट पुरे. चेहरा आवरावा, आजी सकाळी सहापासून थंडीत उभी असते.

तिथे गर्दी नसते, हेही आधीच मनात धरून ठेवावं. मुंबईत सोसायट्यांच्या सोसायट्या संत्र्याच्या फोडी घेऊन फुटपाथवर उतरतात, बँड वाजतो, एखादी अनोळखी मावशी “चल बाळा, थोडंच राहिलंय” म्हणते. खोटं असतं, पण लागतं. तिथे दोनशे धावणारे वाटेवर पांगले की समोर दोन-तीन किलोमीटर सरळ रेघ, दोन्ही बाजूंना झाडं आणि एक खार. रेल्वेने वळणंही मोठ्या फेऱ्याची ठेवलेली, त्यामुळे ‘त्या वळणापर्यंत धावू’ म्हणायची सोय नाही. मधूनच कोणी गाईच्या गळ्यातली घंटा वाजवून प्रोत्साहन देतं. आपल्याला वाटतं आरती झाली.

आणि बाजू. तिथे उजवीकडून धावायचं असतं. बहुतेक वेळा वाट सायकलींनाही उघडी असते. मागून सायकलवाला ओरडतो, “ऑन युअर लेफ्ट!” म्हणजे मी तुमच्या डाव्या बाजूने पुढे जातो आहे. मुंबईकराला ‘लेफ्ट’ एवढंच ऐकू येतं आणि तो आज्ञाधारकपणे डावीकडे सरकतो, नेमका चाकासमोर. हे टाळायचं तर आवाज आला की काहीच करायचं नाही, आहोत त्या रेषेत राहायचं. आयुष्यभर हॉर्न ऐकून काहीच न करण्याची सवय इथे प्रथमच उपयोगी पडते.

अर्धं अंतर म्हणजे अंधेरीच्या किंचित अलीकडे. इथे ठीक वाटतं, आणि ते खरं धरू नये. बऱ्याच रेल ट्रेलवर इथून मागे वळायचं असतं. जाताना न दिसलेला चढ असला तर येताना उतार मिळेल, ही आशा बाळगायला हरकत नाही. पण त्या चढाने आतापर्यंत पोटऱ्यांचा हिशेब चुकता केलेला असतो. शिवाय मैलांच्या पाट्या. किलोमीटरला सवय झालेल्याला एक मैल, म्हणजे १.६ किलोमीटर, संपता संपत नाही. विसाव्या मैलाची पाटी म्हणजे ३२ किलोमीटर, कांदिवली मागे पडलं. शरीरातली साठवलेली साखर साधारण याच सुमाराला संपते. कांदिवली ते बोरिवली एरवी चार मिनिटांचं अंतर. आता बोरिवली हे गाव गुजरातेत असल्यासारखं वाटतं. इथे हिशेब छोटा करावा: पुढचा स्टॉल, पुढचा पूल, पुढचं फाटक. रस्ता ओलांडायच्या जागी गाड्या येऊ नयेत म्हणून गुडघ्याएवढे खांब पुरलेले असतात, ते मान खाली घालून धावणाऱ्याला नेमके गुडघ्यावर भेटतात.

बहुतेक ठिकाणी सहा तासांची मुदत असते, म्हणजे किलोमीटरला साडेआठ मिनिटं. मुदतीच्या काठावर असाल तरी गाव थांबतं, घड्याळ बंद करायलाही कोणाला घाई नसते. शेवटची रेषा भाईंदरच्या प्लॅटफॉर्मपासून साधारण नऊशे मीटर अलीकडे येते. म्हणजे अगदी बरोबर तिथे, जिथे आपली गाडी सिग्नल नसल्यामुळे उभी राहते आणि अख्खा डबा एका सुरात “च्यायला” म्हणतो.

साठीच्या पुढच्या वयोगटात धावणारे मोजून दोन-तीन असतात, त्यामुळे बक्षिसाची शक्यता घरच्यांना वाटते त्यापेक्षा बरीच जास्त. समारंभाला थांबावं. कोणी मधाची बाटली देतं, कोणी पाय देतं. तो खायचा असतो, सफरचंदाचा.

परतीच्या विमानात दर तासाला उठून चालावं, पाय लोंबकळत ठेवून वीस तास बसू नये. मांड्या खऱ्या अर्थाने दुखतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि चढताना नाही, उतरताना. उतरताना मांडीचा स्नायू ताणलेला राहून भार पेलतो. जिना उलटा उतरावा, तोंड पायऱ्यांकडे, कठडा धरून, एक एक पायरी. दादरच्या पुलावर मात्र हे करू नये.